मागच्या बसकरावरचे दोन बाप

सर्जा,

तुझ्या रक्षाविसर्जनाला घाटावर कोडोलीचे तुझे पाहुणे भेटले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पावणं, तुमी सर्जेरावाचं कोण?" मी म्हणालो, "आम्ही एका वर्गात होतो." म्हातारा म्हणाला, "म्हंजे ल्हानपणापासनंची दोस्ती." मी मान हलवली. सगळं समजावून सांगायचं जिवावर आलं होतं. आपण एका वर्गात बसलो तेव्हा तुझ्या मिशीत पांढरे केस आले होते आणि माझं पोरगं माझ्या मांडीवर होतं, हे त्या म्हाताऱ्याला कुठून सांगत बसू? पहिली ते सातवी आपण महापालिकेच्या एकाच शाळेत काढली, जमिनीवर अंथरलेल्या शेवटच्या बसकरावर, भिंतीला पाठ लावून. माझे गुडघे गेले ते तिथंच.

चौकात तुझा डिजिटल फलक लागलाय. कुणाच्या तरी लग्नातला फोटो काढून लावलाय, फेटा बांधलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याखाली तालमीच्या पोरांची नावं, तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. तू असतास तर म्हणाला असतास, "मेलो मी, आनी मिरवत्यात हे." मी दोन दिवस त्या रस्त्यानं गेलोच नाही. त्या फेट्याकडं बघवत नाही मला, आणि का बघवत नाही ते तुला ठाऊक आहे.

शिवाय मी तुझ्यावर चिडलोय. भांडण अर्धं टाकून उठून जायची ही कुठली पद्धत? तू नेहमी असाच. वर्गातसुद्धा गणित अर्धं झालं की उठायचास, "म्हसरं पाण्यावर न्यायची हाईत" म्हणून.

आपली गाठ पडली ती मोठ्या बाईंच्या खोलीत. मी मिलिंदला कडेवर घेऊन उभा होतो. जन्मताना अडकला, रडायला उशीर झाला, त्यामुळं त्याचे हातपाय ताठ आणि बोलणं जड. डोकं मात्र लख्ख. तू राणीचा हात घट्ट धरून बसला होतास, कारण सोडला की ती पळणार. राणीचं सगळं मिलिंदच्या उलटं. अंगानं चपळ, पण शिकवलेलं डोक्यात ठरत नव्हतं. सिव्हिलच्या दाखल्यावर 'मतिमंद' असं लिहिलं होतं. तो शब्द तुझ्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. "आमची राणी जरा निवांत हाय," एवढंच तू म्हणायचास.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मी प्रवेश नाकारत नाही हो. नियमच आहे, घ्यायलाच पाहिजे. पण साठ मुलांत एक बाई. याला बाथरूमला कोण नेणार? ही रस्त्यावर पळाली तर जबाबदार कोण? विशेष शिक्षक मागितलाय आम्ही. तो मिळेपर्यंत घरातलं कुणीतरी बसत असेल तर बसवा."

तू विचारलंस, "किती दिस?"

"या टर्मपुरतं धरून चला."

ती टर्म सात वर्षं चालली. बसायला आपण दोघे बापच का, असं सगळे विचारायचे. मिलिंदची आई दवाखान्यात आयाचं काम करायची, सकाळी जायची ती दिवस कलल्यावर यायची. तुझ्या घरी वैनींच्या मागं गोठा, शेण, वैरण आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तुझं काम पहाटे धार आणि संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार. मधला दिवस मोकळा. आणि माझ्या पाळ्या. रातपाळी असली की मी बसायचं, सकाळपाळीच्या आठवड्यात तू, आणि दुपारपाळीला शाळेचा पहिला निम्मा दिवस मी, उरलेला तू. ज्याची पाळी त्यानं दोन्ही पोरं बघायची. कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं, पण आमच्या कारखान्यातसुद्धा पाळीची एवढी शिस्त कुणी पाळली नसेल.

रातपाळी करून मी वर्गात यायचो आणि दुसऱ्या तासाला भिंतीला डोकं टेकून घोरायचो. पोरं ओरडायची, "बाई, काका झोपले!" बाई म्हणायच्या, "झोपू दे, रात्रभर जागलेत." तुझी तऱ्हा निराळी. तुला उत्तर आलं की तू थांबायचास नाही. बाईंनी फळ्यावर बेरीज घातली रे घातली की मागून तुझा आवाज, "सत्तावीस!" बाईंनी एकदा वैतागून सांगितलं, "सर्जेराव, आधी हात वर करा." त्यानंतर तू खरंच हात वर करायला लागलास. चाळिशीला टेकलेला गडी, मनगटात कडं, बोट वर. पोरं हसून लोळायची. राणीसुद्धा हसायची, सगळे हसतात म्हणून.

तुझ्या आईनं माझ्यासाठी वेगळी कपबशी ठेवायला लावली होती, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. असल्या गोष्टी आमच्या वस्तीतल्या माणसाला लगेच कळतात, दाखवावं लागत नाही. मी त्या कपातूनच चहा घेत राहिलो. पोराचा प्रश्न होता, कपाचं काय घेऊन बसायचं. मग एक दिवस बघतो तर त्या कान तुटक्या कपातून तूच चहा पितोयस आणि मला घरातला चांगला कप. म्हातारी पुटपुटली, तर तू म्हणालास, "ह्यात च्या जास्त मावतो." त्यावर आपण दोघं कधीच बोललो नाही. आज बोलावंसं वाटतंय, तर तू नाहीस.

नव्या योजनेतून फिरत्या बाई, म्हणजे शाळाशाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षिका, यायला लागल्या तेव्हा आपण हुरळून गेलो होतो. तरुण होत्या, खऱ्या शिकलेल्या होत्या. पिशवीत रंगीत ठोकळे, मणी, चित्रांची कार्डं. त्यांनी राणीसमोर बसून तिला एक हे एक आणि दोन हे दोन असं दाखवलं, घाई न करता, परत परत. त्या दिवशी राणीनं तीन ठोकळे वेगळे काढून दिले. आपण वर्षभर तिला वीसपर्यंत घोकायला लावलं होतं, पण 'तीन दे' म्हटलं तर ती मूठभर द्यायची. तू बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलास. मी मागोमाग आलो तर म्हणालास, "धूळ गेली डोळ्यात."

पण त्यांच्याकडं किती शाळा होत्या, त्यांनाच मोजता येत नव्हत्या. आल्या तर महिन्यातून एकदा, तासभर. पुढच्या वेळेपर्यंत राणीचे तीन परत मूठभर झालेले असायचे. फिरत्या बाईच आपल्याला म्हणाल्या, "मी येऊन काही उपयोग नाही हो. हिला रोज पाहिजे. कायमची जागा मागा." म्हणून आपण महापालिकेच्या शिक्षण ऑफिसच्या पायऱ्या चढायला लागलो. चौकशी कर, उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत. माझी किती रजा गेली आणि तुझ्या किती म्हशींना उशिरा पाणी मिळालं, त्याचा हिशेब कुणी ठेवायचा. शेवटी निरोप आला की साहेब स्वतः शाळा बघायला येणार आणि बघून ठरवणार.

इथं आपण जी चूक केली ना सर्जा, ती कोल्हापूरकरच करू जाणे.

साहेब येणार म्हटल्यावर आपल्या लेखी पावणा येणार. तू तर मटणाचाच बेत मांडला होतास, मोठ्या बाईंनी हात जोडले म्हणून तो सुटला. मग तू ताज्या धारेचं दूध आणलंस, फेसासकट, स्टीलच्या पेल्यांतून. आदल्या दिवशी आपण दोघांनी वर्ग धुतला. मिलिंदच्या आईनं नवा शर्ट काढला. वैनींनी राणीच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. आणि पोरांची तालीम घेतली. साहेब आले की मिलिंदनं भिंतीला धरून उभं राहायचं आणि नाव सांगायचं. राणीनं एक ते वीस म्हणायचे, अडली तर मागून तू पाठीला बोट लावायचं. त्या दिवशी मी रजा टाकली, आपण दोघंही हजर. एका पोराला एक बाप. राणीनं वीस आकडे घडाघडा म्हटले. मिलिंदनं वर्गाच्या उंच पायरीच्या अडचणीबद्दल एक शब्द काढला नाही, कारण मी त्याला उचलून झटकन वर नेला होता. पावण्यापुढं घरातलं फुटकं भांडं कोण काढतं?

साहेब दूध प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "फार छान चाललंय इथं. असं मी कुठंच बघितलं नाही."

आपण एकमेकांकडं बघून हसलो. काम झालं म्हणून.

मग गॅदरिंगला आपला सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. तुझ्या डोक्यावर फेटा शोभत होता, माझ्या डोक्यावर उधार आणल्यासारखा. साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, या शाळेनं आदर्श घालून दिलाय. असे पालक असतील तर आपल्याला विशेष शिक्षकाची जागा, जिथं खरी निकड आहे, अशा शाळेत देता येते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन-तीन. चौथ्या टाळीला मला अर्थ लागला. तुझ्याकडं बघितलं तर तू नारळ मांडीवर घेऊन सरळ समोर बघत होतास.

घरी येताना तू चौकात थांबून म्हणालास, "वसंता, आपला सत्कार केला का आपल्याला हाकललं?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, उद्यापासून बसायचं नाही. दोघांनीही नाही. होऊ दे काय गोंधळ व्हायचा तो. पळू दे राणीला, बोंबलू दे बाईंना. मोठ्या बाई स्वतः ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटतील तेव्हाच जागा येईल. मी म्हणालो, असं पोरांच्या जिवावर करायचं नसतं. मिलिंद चौथीत आहे, त्याचं चाललंय बरं.

"तुझं चाललंय," तू म्हणालास. "मिल्याला उचलून न्यायला आनी वही धरायला मानूस लागतंय. ते मी बी करतो, तू बी करतोस. त्यो शिकंल. माझ्या राणीला शिकीवणारं मानूस लागतंय. आनी मी तिला शिकवत न्हाय, वसंता. राखतोय. म्हसरं राखल्यागत राखतोय, चार वर्सं."

 मला ते पटलं नव्हतं.

सोमवारी बसायची पाळी माझी होती. तू राणीला शाळेत सोडलंस आणि गेलास. मी रातपाळी करून आलो होतो. एकदा तुझं ऐकून घरी जाऊन झोपायचं असं ठरवून फाटकापाशी उभा राहिलो, फक्त बघायला. प्रार्थना झाली. थोड्या वेळानं बाईंनी राणीला हाताला धरून बाहेरच्या पायरीवर आणून बसवलं. ऊन होतं. ती तिथंच बसून चपलेचा बंद चावत राहिली. आतून मिलिंदचा आवाज आला. त्याला लघवीला जायचं होतं, आणि त्याचं बोलणं नव्या माणसाला कळत नाही. तो तेच तेच परत म्हणत होता, मग रडायला लागला. मी आत गेलो. आधी त्याला नेला, मग राणीला उचलून वर्गात आणलं आणि भिंतीला टेकून बसलो. आठवडाभर बसलो.

शनिवारी संध्याकाळी तू घरी आलास. दारातूनच ओरडलास, सगळी गल्ली ऐकत होती. "संप मोडलास तू माझा! युनियनचा मानूस म्हनं!"

मी पण आवाज चढवला. "कारखान्यात संप झाला तर मशीन बंद पडतं, मालकाचं नुकसान होतंय. हितं कुणाचं नुकसान व्हतंय रं? पोरांचंच ना?"

"तेच तर म्हनतोय!" तू म्हणालास. "दुसऱ्या कुणाचंच व्हत न्हाय, म्हनून तर कोन येत न्हाय!"

मिलिंदची आई चहा घेऊन आली. तू घेतला नाहीस. पुढं दीड-दोन महिने आपण बोलत नव्हतो, पण पाळी चुकवली नाही. मी उठायचो, तू बसायचास. राणीची पाण्याची बाटली माझ्याकडून तुझ्याकडं जायची, तोंडानं एक अक्षर नाही. पोरं कुजबुजायची, "काकांची कट्टी हाय." मग एकदा पाळी बदलताना, गणिताच्या तासाला, तू चुकीचं उत्तर ठणकावून दिलंस आणि मला हसू फुटलं. तूही हसलास. तेवढ्यावर भांडण मिटलं, असं लोकांना वाटलं. मिटलं नव्हतं. झाकून ठेवलं होतं.

मी अजून म्हणतो, त्या दिवशी मी आत गेलो ते बरोबरच केलं. आणि तू म्हणत होतास तेही खरं होतं. आता ह्या दोन्हींचं काय करायचं, ते तू सांगून जायला हवं होतंस.

मिलिंद हायस्कूलला गेला. तिथं जिना, लेखनिक, जास्त वेळ यांसाठी वेगळ्या मारामाऱ्या. तू त्यातसुद्धा माझ्याबरोबर आलास, तुझं तिथं काही काम नसताना. आता तो कॉमर्सला आहे. वर्गात मुलं त्याला वर नेतात, मी जात नाही. मीही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो, त्यावर तू सगळ्यांना सांगायचास, "आमचा वसंता फाइव्ह स्टारात कामाला हाय, हाटेलात."

राणी सातवी पास झाली. कुणालाच नापास करत नव्हते म्हणून पास झाली. दाखला घेऊन तू माझ्याकडं आलास आणि म्हणालास, "आमच्या घराण्यात पोरगी सातवी शिकली." हसलास. मला वाटलं मस्करी करतोयस, मीही हसलो. आता वाटतं की ती मस्करी नव्हती. राणी घरी बसली. वैरण टाकते, शेणाच्या पाट्या उचलते, प्रत्येक म्हशीला तिनं नाव ठेवलंय. तीन पेंढ्या टाक म्हटलं तर कधी दोन टाकते, कधी पाच.

तुझ्या जाण्याच्या आधी थोडे दिवस मी गोठ्यावर आलतो. तू धारेला बसला होतास. न बघताच म्हणालास, "शाळेत गेलतो काल. अजून बसीवत्यात रं. आपल्या बसकरावर आता एक बाई असती, पोरगी घिऊन. दुसऱ्या शाळंत बी चालू केलंय म्हनं. ह्यांच्याकडं कसं पालक बसत्यात, बगून या म्हनून सांगत्यात." दुधाची चरवी बाजूला ठेवलीस. मग म्हणालास, "आपल्या नादानं किती जनांना बसीवलं असंल रं त्यांनी?"

मी म्हणालो, "सोड की आता."

तुझ्याशी माझं हेच शेवटचं बोलणं. तू सोडलं नव्हतंस, हे मला दिसत होतं. मला दुसरं काहीतरी बोलायचं होतं, राणीबद्दल, तुझ्यामागं तिचं काय याबद्दल. पण तू धडधाकट समोर बसलेला, असलं कसं काढायचं. तूही कधी म्हणाला नाहीस की, वसंता, हिच्यावर लक्ष ठेव. म्हणायची गरज वाटली नसेल, असं मी स्वतःला सांगतोय. आज संध्याकाळी धारेच्या वेळेला राणी दोनदा रस्त्यापर्यंत आली आणि वाकून बघून गेली. वैनींनी तिला आत नेलं. मी गोठ्यात थोडा वेळ बसलो, पण मला धार काढता येत नाही, त्यामुळं मी तिच्या काही कामाचा नव्हतो.

आता तुला शोकसभेचं सांगतो. शाळेनं ठेवली होती, काल. आताच्या मोठ्या बाई नव्या आहेत, मनानं चांगल्या आहेत. तुझ्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग त्या बोलल्या. म्हणाल्या, "सर्जेरावांसारखे पालक लाभले म्हणून या शाळेला विशेष शिक्षकाची उणीव कधी भासली नाही."

सर्जा, तुझ्या फोटोसमोर म्हणाल्या हे. तुला दोन गोष्टींचा राग यायचा, दुधात पाण्याचा आणि ह्या वाक्याचा. माझं डोकं फिरलं. मला दोन शब्द बोलायला उठवलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, उणीव भासली नाही, कारण आम्ही भासू दिली नाही. ती आमची चूक झाली. सर्जा म्हणायचा, मी माझ्या पोरीला शिकवत न्हाय, राखतोय. सात वर्षं राखली त्यानं. पोरगी सातवी पास आहे आणि तिला तीन मोजता येत नाहीत. त्याचा सत्कार करू नका. त्याची जागा भरा." पुढं आणखी बोलायचं होतं, पण आवाज गेला. बाईंनी मला धरून खुर्चीवर बसवलं आणि माईकवर म्हणाल्या, "वसंतराव भावुक झालेत. साहजिक आहे." मग चहा दिला.

बाहेर पडलो तर फाटकापाशी तीच बाई उभी होती, तू सांगितलेली. पंचविशीची असेल. पाच-सहा वर्षांची पोरगी कडेवर, दोन्ही कानांवर हात दाबून. एमआयडीसीत पॅकिंगला होती, पोरीबरोबर बसायला म्हणून काम सोडलं. नवरा कुरकुरतो. मला म्हणाली, "काका, तुमी आत बोल्लासा ते ऐकलं. मग मी बसू का नको?"

एवढी वर्षं जे भांडण आपण दोघांत ठेवलं, ते तिनं फाटकावर माझ्या पुढ्यात टाकलं. आणि तू नाहीस. तुझ्या बाजूनं बोलायलाही मीच, माझ्या बाजूनं बोलायलाही मीच.

मी म्हणालो, "बस. रोज बस. पोरीला पायरीवर ठेवू नको." मग म्हणालो, "पण साहेब बघायला येतील त्या दिवशी बसू नको. पोरीला सोड आनी बाहेर ये. वर्ग जसा हाय तसा त्यांना बघू दे."

ती म्हणाली, "पुढच्याच म्हयन्यात येनार हाईत. बाईंनी सांगितलंय, त्या दिवशी नवी साडी नेसून या."

"म्हणून तर सांगतोय."

"आनी ती रडली तर?"

"रडू दे. साहेबांना ऐकू दे."

ती मग सरळ म्हणाली, "तुमचं पोरगं शिकलं. म्हनून बोलताय."

खोटं काय बोलली ती? मी म्हणालो, "व्हय. माझं शिकलं. त्याच्या शेजारी बसलेली न्हाय शिकली." पोरगी कानांवरचा एक हात काढून माझ्या चष्म्याकडं बघत होती. "त्या दिवशी मी रजा टाकतो," मी म्हणालो. "हितंच, फाटकाभायेर, तुझ्यासंगं उभा ऱ्हातो. काय बी झालं तरी आत जायचं न्हाय. दोघांनी बी."

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आनी मला ऱ्हावलं न्हाय तर? तुमी धरून ठेवशीला?"

मी म्हणालो, "मला नको सांगू, पोरी. तूच मला धरून ठेव."